वाटेतले जेवण: तारे किती, यापेक्षा गिऱ्हाईक कोण

लांबच्या प्रवासात वाटेत चांगले जेवण कुठे मिळेल, असे विचारले की नकाशाच्या ॲपवर चारपेक्षा जास्त तारे असलेले ठिकाण निवडावे, अशी सूचना मिळते. ती चुकीची नाही. पण महामार्गावर तिचा उपयोग कमी होतो, कारण तेथे तारे देणारे बहुतेक जण एकदाच थांबलेले प्रवासी असतात आणि त्यांतले कित्येक जेवणाइतकेच स्वच्छतागृहाला आणि पार्किंगलाही गुण देत असतात. म्हणून सरासरीचा आकडा बाजूला ठेवून सर्वांत नवे अभिप्राय आधी वाचावेत. आचारी किंवा मालक बदलला असेल, तर जुन्या शेकडो अभिप्रायांना काही अर्थ उरत नाही.

शोध भूक लागण्याच्या तासभर आधी सुरू करावा आणि तो पुढच्या गावाच्या मध्यवस्तीत घ्यावा. महामार्ग सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेले, की दारात स्थानिक नंबरप्लेटची वाहने आणि आत कामावरून जेवायला आलेली माणसे दिसू लागतात. या रोजच्या गिऱ्हाइकांना वाईट जेवण वाढून हॉटेलवाल्याचे भागत नाही. पेट्रोल पंपावर ‘चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारले की बहुधा चकचकीत ठिकाणाचे नाव मिळते. त्यापेक्षा ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असे विचारावे.

शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पडून राहिले, की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि खप असलेल्या ठिकाणी ते पडून राहण्याची शक्यता कमी असते. लांबलचक मेनू आणि ऐन जेवणाच्या वेळी रिकामी टेबले एकत्र दिसली, तर (पोटात कावळे ओरडत असले तरी) गाडी पुढे न्यावी.