इंदूरच्या उन्हाळ्यात 40 किलोवॅटची रॅक: हवेवर निभेल की पाणी घ्यावंच लागेल?

कॉरिडॉरवाला
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. सुपर कॉरिडॉरकडे आमचा छोटा सर्व्हर हॉल आहे, फॉल्स फ्लोअरखालून पीएसीची (सर्व्हर हॉलच्या खास एसीची) गार हवा, रॅकला म्हणजे सर्व्हरच्या एका कपाटाला 6-7 किलोवॅट, आजवर कधी अडलं नाही. आता एआयच्या कामासाठी आठ-आठ एच100 जीपीयूचे (एआयची गणितं करणाऱ्या चिपचे) चार सर्व्हर घ्यायचं चाललंय आणि एकेक फुल लोडवर 10 किलोवॅटच्या आसपास जातो, म्हणजे एका रॅकमध्ये 40 झाले. व्हेंडर म्हणतो लिक्विड कूलिंगशिवाय पर्याय नाही, आमचे साहेब म्हणतात एवढ्या महागाच्या मशीनच्या पोटात पाणी खेळवायचं नाही म्हणजे नाही. आणि मे महिन्यात इथे पारा 42 गाठतो, तेव्हा ते पाणी गार करायलाही चिलरच (पाणी थंड करणारं कॉम्प्रेसरचं मशीन) लागणार असेल तर मग वाचलं काय?

चिलरवाले काका, वडोदरा
आधी साधा हिशोब बघा. 40 किलोवॅट उष्णता हवेने काढायची आणि हवा 12 अंश तापू द्यायची म्हटलं तर साधारण 5800 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा लागते, एका रॅकसमोरच्या दोन-तीन जाळीच्या टाइल्समधून एवढी हवा येणं शक्य नाही, पंखे कोकलत राहतील आणि वरच्या सर्व्हरला मागची गरम हवाच परत मिळेल. तीच उष्णता पाण्याने न्यायची तर 10 अंशाच्या फरकावर मिनिटाला 57 लिटर, म्हणजे दीड इंची पाइपचं काम.

पण सर्व्हर चारच असतील तर ते एकाच रॅकमध्ये कोंबायचे कशाला? चार रॅकमध्ये एकेक लावा, रॅकमागची गरम हवेची गल्ली नीट बंद करा, 10 किलोवॅट हवेवर निभतं. जागा नसेल तर रॅकच्या मागच्या दाराला गार पाण्याची कॉइल बसवून घ्या, त्यात सर्व्हर उघडावाच लागत नाही. चिपवर कोल्ड प्लेट (आतून लिक्विड फिरणारी धातूची चकती) हवी असेल तर मात्र ऑर्डर देतानाच लिक्विडवालं मॉडेल मागा. हवेवरचा सर्व्हर नंतर बाहेरच्या माणसाकडून बदलून घेतलात तर वॉरंटी गेली असंच धरा.

नाइटशिफ्ट ताई, नवी मुंबई
तुमच्या साहेबांची भीती खोटी नाही पण चित्र चुकीचं आहे. सर्व्हरमध्ये गच्चीवरच्या कूलिंग टॉवरचं पाणी जातच नाही हो. मध्ये सीडीयू (लिक्विड फिरवणारं, वाटणारं युनिट) असतो, त्यातल्या प्लेट हीट एक्स्चेंजरच्या एका बाजूला बिल्डिंगचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला बंद लूप, त्यात बहुतेक ठिकाणी पीजी25 म्हणजे 25 टक्के प्रोपिलिन ग्लायकॉल. सर्व्हर ओढताना क्विक कपलिंग दोन्हीकडून आपोआप बंद होतं, काढताना फार तर ओलसरपणा दिसतो.

माझ्या मते गळतीपेक्षा घाण जास्त वाईट. कोल्ड प्लेटमधल्या खाचा केसाएवढ्या बारीक असतात, लूपमध्ये शेवाळ धरलं किंवा वेल्डिंगचा कचरा राहिला की आधी एकच जीपीयू तापायला लागतो आणि लोक सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसतात. त्यामुळे चालू करण्याआधी फ्लशिंग पूर्ण झाल्याशिवाय सही करू नका, तांब्याच्या प्लेट असलेल्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचं काहीही येऊ देऊ नका, आणि लिक्विडचा सँपल नियमित तपासायला पाठवा. अजून एक, कोल्ड प्लेट जीपीयू-सीपीयूची उष्णता घेते, मेमरी, पॉवर सप्लाय वगैरेची साधारण पाव उष्णता हवेतच येते, म्हणून पीएसी काढून टाकायचा विचारही नको.

जुना इंदुरी
चिलरचा प्रश्न कुणी धरला नाही म्हणून लिहितो. चिपला गार पाणी लागतच नाही. ॲश्रे या कूलिंग इंजिनिअरांच्या संस्थेच्या वर्गवारीत डब्ल्यू45 आहे, म्हणजे बिल्डिंगकडून येणारं पाणी 45 अंशांपर्यंत चालेल असं उपकरण, एवढ्या गरम पाण्यानेही चिप मर्यादेत राहते. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर असाच थेट लिक्विडवर चालतो. आपल्या गावात केटमध्ये (आताचं आरआरकॅट) इंडस-2 या कणत्वरकाचे मॅग्नेट कित्येक वर्षं शुद्ध पाणी फिरवूनच गार ठेवतात, तेव्हा इंदूरला हे काम जाणणारी माणसं नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वर्षातले बहुतेक दिवस गच्चीवरचा ड्राय कूलर (नुसत्या पंख्याच्या हवेने पाणी गार करणारा रेडिएटर) पुरेल. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत, रात्री आपल्याकडे हवा उतरते. अडचण फक्त मे महिन्यातल्या दुपारची, 42 अंशाच्या हवेने ड्राय कूलरमधून 48-50चं पाणी येतं. पण तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते, कूलरसमोर ओले पॅड लावले की घरच्या डेझर्ट कूलरसारखी ती झटकन गार होते. पॅड तेवढेच तास चालवा. त्याऐवजी बारा महिने पाण्याची वाफ करून गार करणारा कूलिंग टॉवर चालवलात तर एका युनिटएवढ्या उष्णतेला दीड लिटर पाणी उडतं, 40 किलोवॅटला दिवसाला 1400 लिटरच्या वर. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंप करत इथे चढवतात आणि कित्येक कॉलन्यांत ते एक दिवसाआड येतं, ते असं वाफ करून उडवणं मला तरी पटत नाही भिया.

आणि पावसाळा विसरू नका. ऑगस्टमध्ये दवबिंदू 22-23च्या घरात असतो, 15-18चं चिल्ड वॉटर पाइपमधून सोडलंत तर पाइपला घाम फुटून थेंब रॅकवर पडतील. सीडीयूवर लिक्विडचं ठरवलेलं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा.

कॉरिडॉरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. रॅकला जागा आहे, त्यामुळे काका म्हणतात तसं चारही सर्व्हर वेगळे लावायचा प्रस्ताव देतो. पण पुढच्या वर्षी एनव्हिडियाच्या जीबी200 चिपची 72 जीपीयूवाली रॅक घ्यायची भाषा चाललीय, त्यासाठी आत्ता काय करून ठेवू?

चिलरवाले काका, वडोदरा
ती 120 किलोवॅटची रॅक आहे आणि लिक्विडवरच येते, तिथे नुसत्या हवेवर निभायचा विषयच नाही. आत्ता एवढं करा: हॉलपासून गच्चीपर्यंत पाइपसाठी शाफ्ट मोकळा ठेवा, सीडीयूची जागा आखून ठेवा, फ्लोअर किती वजन पेलतो ते स्ट्रक्चरलवाल्याकडून लेखी घ्या, रॅक दीड टनाच्या आसपास जाईल. पाइप घालाल तेव्हा स्टेनलेसचेच, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) कुणी फुकट दिला तरी नको.