प्रशिक्षणातली कार्टून्स म्हणजे बालवाडी? मुळीच नाही!

टाचणी:
"मोठ्या माणसांच्या ट्रेनिंगमध्ये कार्टून घालणं म्हणजे त्यांना बालवाडीत बसवणं," असं परवा इथे एकाने लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. राहवलं नाही म्हणून लिहितोय. दहा वर्षं मी ऑनलाइन कोर्ससाठी अ‍ॅनिमेशन करतोय. यंत्र बंद करून, कुलूप लावून मगच आत हात घालायचा, असा एक धडा होता. कॅमेऱ्याने काय दाखवलं असतं? लोखंडी झाकण. मी ते झाकण पारदर्शक केलं. बटण बंद झाल्यावरही फिरत राहणारं चाक, नळीत कोंडलेली हवा, ताणलेली स्प्रिंग, सगळं दिसलं. सहा सेकंद. त्यासाठी दोन दिवस घासले. त्याला बालवाडी म्हणता?

निळी शाई:
तुमचं चाक चांगलं असेल, पण असं करतात किती जण? मी हे कोर्स तपासते. सॉफ्टवेअरमधली तीच तयार पात्रं, तेच फळ्याकडे बोट. पडद्यावर पूर्ण वाक्य आणि निवेदक तेच वाक्य शब्दन् शब्द वाचणार. चित्र, आवाज आणि तोच मजकूर एकदम आला की शिकणं घटतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांनी दाखवलंय. कोपऱ्यात शेपटी हलवणारं मांजर कशासाठी असतं, ते मला कुणी सांगावं.

टाचणी:
मांजराचं मान्य. पण तो दोष सॉफ्टवेअरचा नाही. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं. हाताने काढायची तर छोट्या टीमला झेपलंच नसतं. आता मुख्य पोझ आपण द्यायच्या, मधलं सॉफ्टवेअर भरतं.

जुना खिळा:
सॉफ्टवेअरचं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. आपले कोर्स ब्राउझरमध्ये ज्यावर चालायचे त्या फ्लॅशचा सपोर्ट 31 डिसेंबर 2020 ला संपला तेव्हा कुठे होतात? 12 जानेवारीपासून प्लेअरने फाइल चालवणंच थांबवलं. आमचे बेचाळीस कोर्स गेले. हातात नुसत्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे फक्त चालवता येणाऱ्या तयार फाइली; बदल करता येणाऱ्या मूळ एफएलए फाइली करून देणाऱ्याकडे, आणि तो फोन उचलेना.

टाचणी:
घोषणा जुलै 2017 मध्येच झाली होती. साडेतीन वर्षं काय करत होतात?

जुना खिळा:
दरवर्षी पैसे मागत होतो आणि दरवर्षी "चालतंय ना, मग कशाला?" हे ऐकत होतो! घरबसल्या शहाणपण शिकवू नका. शेवटी मी आणि एक सहकारी रात्री जागून जुने कोर्स जुन्या प्लेअरवर चालवायचो, स्क्रीन रेकॉर्ड करायचो. क्लिक करून उत्तर द्यायचे प्रश्न सगळे मेले, उरला नुसता व्हिडिओ. तुमच्यासारखेच लोक मूळ फाइल दाबून ठेवतात.

टाचणी:
मी कुणाची फाइल दाबलेली नाही. शब्द मागे घ्या.

निळी शाई:
दोघंही थांबा. पण खिळ्याचा मुद्दा आज जास्तच लागू आहे. आता सॉफ्टवेअरच भाड्याचं. वर्गणी थांबली की प्रोजेक्ट उघडत नाही. नियमातला एक आकडा बदलला तर ते वाक्य पुन्हा बोलून घ्यायचं आणि पात्राचे ओठ पुन्हा जुळवायचे, तेही त्याच दुकानात जाऊन.

कोरा कागद:
म्हणून तर मुक्त सॉफ्टवेअर घ्या म्हणतो! ब्लेंडर या फुकट अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये हाताने चित्रं काढायला ग्रीस पेन्सिल आहे, ओपनटून्झ हे दुसरं अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअर 2016 पासून खुलं आहे.

निळी शाई:
आणि ते शिकायला वेळ कोण देणार? आमच्याकडे जो स्लाइड करतो, त्यालाच अ‍ॅनिमेशन करायला सांगतात.

जुना खिळा:
"तुमच्यासारखेच" हे मागे घेतो. बाकी काही घेत नाही. करारात मूळ फाइल, फॉन्ट आणि आवाजाच्या वेगळ्या फाइली लिहून घेतल्याशिवाय यापुढे एक पैसा देणार नाही.

टाचणी:
ते मी आधीपासून देतो. पण देतो हे कुठे लिहिलेलं नसतं, एवढं खरं. पुढच्या करारात घालतो.

निळी शाई:
टाचणी, त्या चाकाच्या तुकड्यावर निवेदन आहे का? असेल तर पडद्यावरचा मजकूर काढा आणि मग मला दाखवा. चांगलं असेल तर चांगलं म्हणेन.