पान्ना कोत्ता करताना जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरता येईल का?

प्रश्न

येत्या शनिवारी आमच्याकडे दहा-बारा मित्रमैत्रिणी जेवायला येणार आहेत. सगळा बेत इटालियन असल्यामुळे शेवटचा गोड पदार्थही तिकडचाच असावा, अशी इच्छा आहे. तिरामिसूमध्ये अंडी असतात आणि आमच्यातील काही जण अंडे खात नाहीत, म्हणून पान्ना कोत्ता (साय गोठवून केलेला गोड पदार्थ) करण्याचे ठरवले आहे. हा पदार्थ मी पूर्वी कधीही केलेला नाही. बहुतेक पाककृतींत जिलेटिन घालायला सांगितले आहे, पण ते प्राणिजन्य असल्याने आमच्याकडे चालणार नाही. घरात चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर-अगर) आहे. ते जिलेटिनइतकेच घालावे का? आपल्याकडे मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम चालेल का? आणि सगळे आदल्या दिवशी करून ठेवता येईल का?

प्रतिसाद १

चायना ग्रास अवश्य वापरा, मात्र जिलेटिनइतके मुळीच घालू नका. एक लिटर मिश्रणाला जिथे साधारण १० ग्रॅम जिलेटिन लागते, तिथे चायना ग्रास ३ ग्रॅमच्या आसपास पुरते. त्याहून बरेच जास्त पडले तर चमच्याने सहज कापली जाणारी मऊ साय न होता खरवसासारखी घट्ट वडी तयार होते. इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातल्या या पदार्थात साय, साखर आणि व्हॅनिला यांपलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे सगळी मजा त्याच्या पोतावर अवलंबून आहे.

क्रीमची काळजी करू नका. ३५ टक्क्यांचे क्रीम आणि दूध निम्मे निम्मे घेतले तर मिश्रणात जेवढा स्निग्धांश येतो, जवळजवळ तेवढाच ७५० मिलीलिटर फ्रेश क्रीम आणि २५० मिलीलिटर म्हशीचे दूध घेतल्यावर येतो. साखर १२० ग्रॅम पुरे. केक सजवण्यासाठी मिळणारे वनस्पती तेलाचे गोड व्हिपिंग क्रीम मात्र घेऊ नका, कारण या पदार्थात सायीची चव लपवायला दुसरे काहीच नसते.

प्रतिसाद २

प्रमाणाबद्दल सहमत आहे. कृतीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण गडबड तिथेच होते. जिलेटिन कोमट द्रवातही विरघळते, चायना ग्रासला मात्र उकळी लागतेच. पूड असेल तर ती थंड दुधातच कालवून घ्या आणि सतत ढवळत दोन-तीन मिनिटे उकळा. काड्या असतील तर त्या बारीक कापून अर्धा तास भिजवा, अर्धी वाटी पाण्यात पूर्ण पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळा आणि तेवढे दूध कमी घ्या. दुसऱ्या पातेल्यात क्रीम आणि साखर वाफ येईपर्यंत गरम करून मगच दोन्ही एकत्र करा. फ्रिजमधले थंड क्रीम ओतले तर चायना ग्रास जागच्या जागी गोठते आणि जिभेला बारीक कण लागतात.

वाट्यांमध्ये ओतण्यापूर्वी थंड बशीवर एक चमचा मिश्रण टाकून पाहा. दोन-तीन मिनिटांनी बशी तिरकी केल्यावर थेंब घसरला नाही, पण बोट लावताच सहज मोडला, तर ते जमले. घट्ट वाटल्यास गरम दूध घालून सैल करता येते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाटीतून काढून ताटलीत उलटे ठेवावे का? आणि वर अननस चालेल का? जेवण गच्चीवर आहे.

प्रतिसाद १

उलटे ठेवण्याचा आग्रह धरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. जिलेटिनचा पान्ना कोत्ता ताटलीत थरथरतो आणि जिभेवर विरघळतो, कारण जिलेटिन शरीराच्या तापमानालाच वितळते. चायना ग्रासचे तसे नाही. ते ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठते आणि ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. म्हणून ताटलीत उभे राहण्याइतके ते घट्ट केले, तर तोंडात विरघळल्यासारखे वाटतच नाही. छोट्या काचेच्या वाट्यांतच ठेवा, म्हणजे ते मऊ ठेवता येईल. गच्चीवरच्या उकाड्यात जिलेटिनचे सैल पडले असते. ही अडचण तुम्हाला येणार नाही.

प्रतिसाद २

कच्च्या अननसातील विकर (एन्झाइम) प्रथिनांचे विघटन करते, त्यामुळे जिलेटिन गोठत नाही. चायना ग्रास प्रथिन नसल्याने त्याला धोका नाही, पण अननसाचा तो तुकडा सायीवर राहिला की दुधातील प्रथिनांमुळे कडवटपणा येऊ शकतो. फोडी साखरेत पाच मिनिटे शिजवून गार करा आणि वाढतानाच घाला. स्ट्रॉबेरी मिळाली तर मी तीच निवडेन; तिचा आंबटपणा सायीला उत्तम शोभतो.

शुक्रवारी संध्याकाळी करून झाकून ठेवायला हरकत नाही. त्याहून आधी नको, कारण चायना ग्रासला हळूहळू पाणी सुटते. शनिवारी वाट्यांच्या कडेला थोडे पाणी दिसलेच, तर ते कागदी रुमालाने टिपून घ्या आणि मग फळे घाला.