मदत हवी आहे: गायबगळ्याचं शास्त्रीय नाव कोणतं लिहू?

बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातल्या पक्ष्यांचा फलक करायचा आहे. गायबगळ्यापाशी अडलंय. जुन्या पुस्तकात बुबुल्कस आयबिस, दुसऱ्यात बुबुल्कस कोरोमँडस, ईबर्डवर (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) आर्डिया कोरोमंडा. पक्षी एक की तीन? शिवाय भाताचा चिखल करताना ट्रॅक्टरमागे जो थवा असतो, त्यात केशरी डोक्याचे, पांढरेशुभ्र आणि काळ्या चोचीचेही दिसतात. सगळे गायबगळेच धरू का?

प्रतिसाद १
आपल्याकडचा एकच: आर्डिया कोरोमंडा, पूर्वेकडचा गायबगळा. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि अमेरिकेतला तो आर्डिया आयबिस. दोन्ही पूर्वी एकाच जातीत मोजत. ईबर्डने २०२४ मध्ये ते वेगळे केले आणि त्याच वेळी बुबुल्कस प्रजात (जवळच्या जातींचा गट) मोडून आर्डियात घातली, कारण जनुकीय वंशवृक्षात हा बगळा मोठ्या बगळ्यांच्याच फांदीवर बसतो. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसनेही १७५८ साली आयबिसला आर्डियातच ठेवलं होतं, म्हणजे फिरून घरी आला म्हणायचा. आर्डिया लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'कोरोमँडस'चं 'कोरोमंडा' झालं. फलकावर नेमकी हीच चूक होते.

विणीच्या दिवसांत आपल्या पक्ष्याचा केशरी रंग गालावर आणि गळ्यावरही उतरतो. पश्चिमेकडच्याचा चेहरा बराच पांढरा राहतो. हिवाळ्यात दोन्ही पांढरे, तेव्हा रंगावरून ओळखायच्या फंदात पडू नका.

प्रतिसाद २
काळ्या चोचीबद्दल: आधी पाय बघा. पाय काळे आणि बोटं पिवळी असतील तर तो लहान बगळा. चिखलात बोटं दिसत नाहीत, तो बांधावर येईपर्यंत थांबा. बोटंही काळपट, मान आखूड आणि चोचीखाली हनुवटी फुगल्यासारखी असेल तर गायबगळ्याचं यंदाचं पिल्लू. त्याची चोच नंतर पिवळी होते. पण पिल्लं लावणीच्या सुरुवातीला नसतात, पावसाळा सरताना दिसतात. म्हणून जूनमधला काळ्या चोचीचा बहुधा लहान बगळाच.

धागाकर्ता
कळलं. मग ईबर्डवरच्या जुन्या नोंदी दुरुस्त करू का? आणि कन्नडमध्ये नुसतं बेळ्ळक्की चालेल?

प्रतिसाद १
नोंदींना हात लावू नका, आपल्या भागात एकच जात असल्याने नाव आपोआप बदलतं. बेळ्ळक्की म्हणजे कुठलाही पांढरा बगळा, नुसतं तेवढं लिहिलंत तर लहान बगळ्यालाही तेच लागू पडेल. कंसात जुनं नाव द्यायचंच तर बुबुल्कस कोरोमँडस द्या, आयबिस नको.