नाडी शोधत बसू नका
कुणी अचानक कोसळलं तर काय करायचं, यावर कुणीतरी लिहिलंय "आधी नाडी बघा, मगच छाती दाबा". डॉक्टर-नर्ससाठी ठीक, पण त्यांनाही जास्तीत जास्त १० सेकंद, आणि ती मनगटावर नाही, मानेला. आपल्यासारख्यांना नाडी बघायला शिकवणं सीपीआरच्या (छाती दाबून जीव वाचवण्याच्या) २००० सालच्या गाइडलाइन्सपासूनच बंद केलंय, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात.

सोसायटीत बॅडमिंटन खेळताना एक काका कोसळले तेव्हा मीच मनगट धरून "लागतेय, लागतेय" करत बसलो होतो, आणि ते मधूनच आ करून घोरल्यासारखं करत होते म्हणून सगळ्यांना वाटलं श्वास चालू आहे. तो श्वास नसतोच हो, आचके असतात ते. शेजारच्या नर्सताईंनी मला अक्षरशः ढकललं आणि दाबायला सुरुवात केली. हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, एवढं पुरे, कुणालातरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, निदान दोन इंच खोल.