माणसांसोबत काम करायचं असेल तर पदवी समाजकार्याचीच घ्या

पायवाट (धागाकर्ती)
"माणसांसोबत काम करायचंय. समाजकार्य घेऊ की वर्तनशास्त्र?" शाळा संपवून पदवीकडे वळणारी मुलं मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. त्यांना बहुतेकांकडून मिळणारा सल्ला ठरलेला असतो: वर्तनशास्त्र घे, त्यात सगळं येतं, पुढच्या वाटा मोकळ्या राहतात. मला तो अजिबात पटत नाही.

वर्तनशास्त्रात मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि जोडीला संख्याशास्त्र, संशोधनपद्धती असं सगळं असतं. विषय सुंदर आहेत. पण अडचणीतल्या एकाही माणसासमोर न बसता ही पदवी हातात पडू शकते. समाजकार्यात ते शक्य नाही. अमेरिकेत मान्यताप्राप्त समाजकार्य पदवीसाठी किमान ४०० तासांचं फील्डवर्क सक्तीचं आहे. आणि ते तास नुसते भरायचे नसतात. विद्यार्थ्याला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावं लागतं: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, त्या क्षणी मला काय वाटलं. मी फील्डवर्कची सुपरव्हायझर आहे. एका विद्यार्थ्याने लिहून आणलं, "आई सहकार्य करत नाही." मी त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, हे त्या म्हणाल्या की तू ठरवलंस? पुढच्या भेटीत त्याने नीट विचारलं. मुलाच्या तपासणीची वेळ दरवेळी त्यांच्या शिफ्टच्या मधोमध येत होती आणि रजा घेतली की पगार कापला जात होता. त्याने दवाखान्याशी बोलून वेळ बदलून घेतली. रेघ मारणारं कुणीतरी जवळ असणं, हेच त्या पदवीचं मोल आहे.

तळटीप
ठामपणे असहमत. तुमचं उदाहरण मनाला भिडतं, आणि माझी काळजी नेमकी तिथेच आहे. मनाला भिडणारं काम उपयोगी पडतंच असं नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास घ्या. रिचर्ड कॅबट या डॉक्टरांच्या कल्पनेतून तो उभा राहिला. १९०५ मध्ये रुग्णालयात समाजकार्यकर्ते आणणारे तेच. गुन्हेगारीकडे वळतील अशी भीती असलेली आणि साधारण वागणारी, अशी मिळून ५०६ मुलं निवडली, सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदत द्यायची, दुसऱ्याला नाही, असं ठरवलं. १९३९ ते १९४५ हे काम चाललं. घरी भेटी, अभ्यासात मदत, वैद्यकीय उपचार, उन्हाळी शिबिरं, सगळं मनापासून. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने सुमारे तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला. १९७८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली: दारूचं व्यसन, मानसिक आजार, लवकर मृत्यू. आणि त्यांच्यातल्याच सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं होतं की त्या मदतीचा आपल्याला फायदा झाला!

तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर हा कार्यक्रम यशस्वी म्हणून जगभर मिरवला असता. अठराव्या वर्षी मुलांनी आधी हे शिकावं. माणसासमोर बसायला पुढे आयुष्य आहे.

पायवाट
@तळटीप, हा अभ्यास मी दरवर्षी शिकवते. आता त्यातली पुढची गोष्ट. मॅकॉर्ड यांना त्या मुलांच्या घरांबद्दल इतकं सांगता आलं, ते कशाच्या जोरावर? घरोघरी जाणाऱ्या समुपदेशकांनी प्रत्येक भेटीनंतर लिहून ठेवलेल्या तपशीलवार नोंदींच्या. आई मुलाशी कशी बोलली, बाप घरात होता का, भांडणं कशावरून झाली. त्या नोंदी कच्च्या असत्या, तर तीस वर्षांनी हाती फारसं काही लागलं नसतं.

शिवाय आकड्यांवर एवढा भरवसा? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून थोड्याच जास्त अभ्यासांत तसाच निष्कर्ष निघाला.

तळटीप
आणि ही चूक चव्हाट्यावर कोणी आणली? त्याच शास्त्रातल्या लोकांनी. तुमच्या क्षेत्रात किती कार्यक्रम असे पुन्हा तपासले जातात?

परवानगी
तुम्ही दोघंही तत्त्वाचं बोलताय, मी पोटापाण्याचं बोलतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणीशिवाय स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवून घेता येत नाही, आणि मान्यताप्राप्त शिक्षणाशिवाय नोंदणी नाही. 'वर्तनशास्त्रज्ञ' म्हणवून घ्यायला सहसा कोणी अडवत नाही. त्यामुळे त्या नावाला नोकरीच्या बाजारात संरक्षणही नाही. मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुढची पदवी लागतेच.

निळीशाई
पायवाट, एक गोष्ट तुम्ही वगळलीत. फील्डवर्कला गेलेली माझी मैत्रीण हिंसेच्या केसेस ऐकून रात्र रात्र जागायची. एकोणिसाव्या वर्षी हे ओझं प्रत्येकाला पेलतं का? मी वर्तनशास्त्र केलं. आज आरोग्य खात्याची पत्रं लोकांना कळतील अशी लिहून, त्यांची चाचणी घेऊन सुधारते. एक ओळ बदलली की तपासणीला येणाऱ्यांची संख्या वाढलेली मी पाहिली आहे. मीही माणसांसाठीच काम करते, फक्त दार ठोठावत नाही. तुमच्या शीर्षकातला 'च' मला टोचला.

पायवाट
@निळीशाई, तुमचं काम मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या आईला कितीही सोपं पत्र पाठवलं असतं, तरी तिची शिफ्ट बदलली नसती. मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. आणि रागही आला. दर आठवड्याला सुपरव्हायझरने तासभर बसून तिच्याशी बोलायला हवं होतं. ते होत नसेल, तर दोष त्या कॉलेजचा. 'च' मात्र राहू दे.

नवीनपालक
मुलीला वर्तनशास्त्राला प्रवेश मिळालाय. पुढे एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, जाता येईल ना?

पायवाट
येईल. अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना घेतात. फरक वेळेचा आणि पैशाचा. अमेरिकेत मान्यताप्राप्त समाजकार्य पदवी असेल, तर बऱ्याच विद्यापीठांत दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू साधारण वर्षभरात होतं. तुमच्या मुलीला पूर्ण दोन वर्षं द्यावी लागतील. प्रवेश पक्का करण्याआधी कॉलेजला विचारा: फील्डवर्क सक्तीचं आहे की ऐच्छिक, किती तासांचं, आणि सुपरव्हायझर कोण.

तळटीप
आणि संख्याशास्त्राचे पेपर किती, तेही विचारा.