मदत हवी आहे : केमोचा नववा दिवस, ताप आणि एकाच पोटरीला सूज

मिस्टर ५८ वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज दोन. उजवा वरचा लोब (फुप्फुसाचा भाग) काढून नऊ आठवडे झाले. आता सिसप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोची औषधं, चारपैकी पहिली सायकल, आज नववा दिवस.

१. संध्याकाळी ताप १००.६ होता. पॅरासिटामॉल ६५० दिली, तासाभरात उतरला. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल?
२. टाक्यांच्या बाजूला आग होते, शर्ट लागलेलाही सहन होत नाही. घरात आयब्युप्रोफेन आहे, देऊ का?
३. डावी पोटरी दोन दिवस दुखतेय, थोडी सुजलीये. चोळून दिली.
४. कानात बारीक शिट्टी वाजते म्हणतात.

हॉस्पिटलला फोन करू देत नाहीत. "ताप उतरलाय ना, मग कशाला?"

(उंबरठा, तळटीप, मोजपट्टी ही उत्तर देणाऱ्या सभासदांची टोपणनावं.)

उंबरठा :
थांबू नका, आत्ता निघा. बाकीचं वाटेत वाचा.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात १००.४ च्या वरचा ताप ही इमर्जन्सीच. पॅरासिटामॉलने आकडा खाली आला, जंतुसंसर्ग असेल तर तो जागेवरच आहे. पेशी कमी असल्या की पू होत नाही, खोकल्यात बेडकाही येत नाही, त्यामुळे माणूस बरा दिसतो आणि काही तासांत बीपी कोसळतं.

दारातच सांगा : "केमोचा नववा दिवस, ताप १००.६, गोळी अमुक वाजता दिली." नंबर लावून बसू नका. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, रिपोर्टची वाट न बघता. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) त्याआधी घेतात. सीबीसी (रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट) हातात आला की एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) टक्क्यांनी गुणा : १४०० पेशी आणि ३० टक्के म्हणजे ४२०. ५०० च्या खाली असेल तर घरी पाठवायची घाई कुणी करू नये.

यापुढे पॅरासिटामॉलच्या आधी दरवेळी ताप मोजून वेळेसकट लिहायचा. थर्मामीटर काखेत किंवा तोंडात, गुदद्वारात अजिबात नाही. उलटी थांबवण्यासाठी डेक्सामिथासोन (स्टेरॉइड) चालू असेल तर ताप दबलेला राहू शकतो, म्हणून नुसती थंडी वाजून आली तरी निघायचं.

धागाकर्ती :
गाडीत बसलो. पोटरीचं काय?

तळटीप :
आता चोळू नका, दाबू नका. कॅन्सर, ऑपरेशन, सिसप्लॅटिन, तिन्हींनी रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. गुडघ्याखाली एकाच उंचीवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तो आकडाच सांगा. पायाचा डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मागा. गुठळी निघालीच तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाआधी प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) बघतात, आणि छातीचा सीटी डाय देऊन करायचा असेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी).

अचानक धाप, श्वास घेताना टोचणं, खोकल्यात रक्त, यातलं काही दिसलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, म्हणून पोटरीआधी ते सांगा. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, मिनिटभर आकडा स्थिरावू द्या. बसून ९६ आणि दहा पावलं चालून ९० हा फरकही सांगण्याजोगा.

मोजपट्टी :
कानाचं शेवटी लिहिलंत, पण आज रात्री ते महत्त्वाचं आहे. सिसप्लॅटिन कान आणि किडनी दोन्हींना लागतं. अमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिकंही तीच दोन ठिकाणं धरतात. "सिसप्लॅटिन झालंय, कानात शिट्टी वाजते" हे ड्यूटी डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे निवड करताना ते लक्षात ठेवतील. मॅग्नेशियमही तपासायला सांगा. दुसऱ्या सायकलआधी ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) हवा. ऐकू कमी झालं असेल तर सिसप्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिनचा विचार होतो.

आयब्युप्रोफेन नको. ते किडनीवर भार टाकतं, पेमेट्रेक्सेड शरीरात अडकवून ठेवतं, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव वाढवतं आणि वर तापही झाकतं. तसंही, आग होणं, कापड न सोसणं हे बरगड्यांमधल्या नसेचं दुखणं. त्याला प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन लागतं, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

फॉलिक ॲसिड रोज चालू आहे ना? पेमेट्रेक्सेडच्या शेवटच्या डोसनंतर २१ दिवसांपर्यंत बंद करायचं नाही. बी १२ चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी. यातलं एक चुकलं तरी रक्तातल्या पेशी जास्त कमी होतात, तोंड येतं.

उंबरठा :
फोन करू न देण्याबद्दल. तापलेल्या माणसाशी रात्री वाद घालून उपयोग नाही. ते बरे असतील तेव्हा, दुसऱ्या सायकलच्या आधी, त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या : १००.४ झालं की बायको विचारणार नाही, गाडी काढेल. डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि चार्जर सातव्या दिवशीच पिशवीत भरून ठेवा.